त्या बरणीचा जाब

शालन, तालुक्याच्या दवाखान्यातल्या डॉक्टरने तुला फसवलं, आणि त्याच्या शब्दावर विसंबून मी तुला फसवलं. हे आधीच लिहून टाकतो, म्हणजे पुढे कुणी मध्ये येऊन नशिबाचं नाव काढायला नको. तेराव्याला आलेल्या दर दुसऱ्या माणसाने ते काढलं. दोघांना मी भरल्या पानावरून उठवणार होतो. तू असतीस तर म्हणाली असतीस, "दादा, आज तरी गप रव रे." म्हणून राहिलो. आता राहणार नाही.

तुझा आजार बरा होणारा होता. क्वचित एखाद्या बाईच्या वाट्याला येतो, पण वेळेत ओळखला तर औषधापुढे वाकतो, असं मुंबईच्या डॉक्टरीणबाईंनी मला तुझ्या खाटेपासून चार पावलं बाजूला नेऊन सांगितलं. बऱ्या न होणाऱ्या रोगाने माणूस गेलं तर मी रडून मोकळा झालो असतो. तुला कुणी ओळखलंच नाही, याचा जाब मला हवा आहे.

हे लिहितोय तेही तुझ्याच जिवावर. मी तिसरीतून पळालो, रापणीच्या जाळ्याचे दोर ओढले, मग डोक्यावर मासळीची पाटी घेतली, मग मालवणात खाऱ्या बांगड्याची वखार घातली. शाळा तू केलीस. मुंबईच्या दलालांना पत्रं तू लिहायचीस. मी वखारीत येरझारा घालत सांगायचो, "लिही, मेल्या, माझ्या बांगड्याक वास येता म्हणतंस, तुझ्या तोंडाक काय अत्तर लावलंस?" आणि तू मान खाली घालून लिहायचीस, 'आपले पत्र पावले. मालाविषयी आपला गैरसमज झालेला दिसतो.' वाचून दाखवलंस की मी ओरडायचो, "ह्या मी सांगलंय?"

"ह्याच सांगलंस. मी फकत धुवून वाळत घातलंय."

तुझं लग्न झाल्यावर एका दलालाने विचारलं, तुमचे जुने कारकून सोडून गेले का? ते सभ्य गृहस्थ होते. मग मी हट्टाने स्वतः लिहायला शिकलो. धुणं मात्र अजून जमत नाही.

कोयनेच्या भूकंपाच्या धक्क्याने वखारीच्या भिंतीला चीर गेली, त्याच सुमाराला तुला दिवस गेल्याचं कळलं. आधीचे दोन गर्भ टिकले नव्हते. तुझे यजमान वसंतराव मुंबईला गोदीत कामाला आणि तू कसालपासून दोन कोस आत, सासूबाईंपाशी. चौथ्या महिन्यात मी भेटायला आलो तर तुझं पोट सहाव्या महिन्याएवढं. घोटभर पाणी पोटात ठरत नव्हतं, डोळे आत गेलेले. सासूबाई मात्र खुशीत. "जावळे आसत हो दादा. पॉट बघलात केदां मोठां?" जुळ्यांच्या कल्पनेने मीही खूश झालो. मापापेक्षा जड भरलेली टोपली दिसली की मी आधी तळाशी हात घालून वाळू आहे का बघतो. तुझ्या बाबतीत नाही बघितलं.

चैत्रात तुझ्या अंगावरून रक्त जायला लागलं आणि दोन दिवसांनी ते पडलं. बाळ नव्हतंच. मी पोचलो तेव्हा सुईण परसात माडाच्या मुळाशी खड्डा खणत होती, आपल्याकडे पुरतात तसं पुरायला. मी तिच्या शेजारी ठेवलेलं केळीचं पान उचलून घेतलं. पाणीदार मण्यांचे घोसच्या घोस, फुगलेल्या साबुदाण्यासारखे, देठादेठाला लोंबलेले. जन्मभर मी माशांच्या पोटातली गाभोळी हाताळली आहे. हे गाभोळीसारखं होतं आणि नव्हतंही. डॉक्टरी पुस्तकात त्याला द्राक्षगर्भ म्हणतात, हे मला फार पुढे कळलं. त्या अंगणात उभ्या असलेल्यांपैकी द्राक्षं तरी कुणी बघितली होती?

तुला बैलगाडीत घातलं, कसालला आणून मोटारीत घातलं आणि दवाखाना गाठला. त्या डॉक्टरने पिशवी साफ केली, रक्त थांबवलं. त्या दिवशी तुझा जीव त्यानेच वाचवला, हे मी नाकारत नाही. मापात मी खोट करत नाही, त्याच्याही नाही. पण त्यानंतर मी पान पुढे केलं.

"डॉक्टर, हे काय आहे?"

"गर्भ पडला. बिघडलेला होता. होतं असं."

"असं मी कधी बघितलं नाही."

"तुम्ही मासळीवाले. तुम्ही कशाला बघाल?"

"तुम्ही बघितलंय?"

तो कागदावर लिहू लागला. मी म्हटलं, हे मुंबईला मोठ्या ठिकाणी तपासायला नेतो, कशात घालून नेऊ ते सांगा. त्याने मानही वर केली नाही. "मिठात घाला. तुम्हांला मिठाचा काय तोटा?"

कंपाउंडर हसला. मीही हसलो, शालन. कारण मला ते पटलं. मिठाने मला माणसांत आणलं. मिठातला बांगडा पावसाळा काढतो, मग हे चार दिवस नाही काढणार? चिनीमातीची बरणी घेतली, जाडं मीठ घेतलं, थरावर थर दिले, तोंडाला मेण लावलं. सुरमईला कधी इतक्या जपून खारवलं नव्हतं. बोटीवर ती बरणी मांडीवर घेऊन बसलो. शेजारच्याने विचारलं, लोणचं का? मी हो म्हटलं.

मुंबईत तपासणीवाल्या साहेबाने मेण काढलं, आत बघितलं आणि माझ्याकडे बघितलं.

"हे मीठ कुणी घातलं?"

"मी."

"अहो, पेशी पार आक्रसून गेल्या. फॉर्मॅलिनमध्ये आणायला हवं होतं. याच्यात आता काय बघू मी?"

त्याने कागद दिला: नमुना तपासण्याजोगा नाही, अभिप्राय देता येत नाही. तो कागद मी दवाखान्यात नेऊन दिला. तुझ्या डॉक्टरने तो वाचला, घडी घातली आणि सासूबाईंना म्हणाला, "बघा, काही निघालं नाही." माझ्यासमोर म्हणाला. सासूबाईंनी हात जोडले. "काय एक गावला नाय. देवान राखल्यान."

फसवणूक ती इथे झाली. अभिप्राय देता येत नाही, याचा अर्थ काही निघालं नाही असा होत नाही. बाजारात कुणी मला असं सांगितलं असतं तर मी त्याची गचांडी धरली असती. पण तू बाकावर बसली होतीस, पिवळी पडलेली, आणि माझ्याकडे बघून हसलीस. मला तो खोटा अर्थ हवा होता. मी तो घेतला. दर महिन्याला पुन्हा तपासायला हवं, वर्षभर लक्ष ठेवायला हवं, इतक्यात पुन्हा दिवस राहू देऊ नयेत, यातलं एक अक्षर कुणी सांगितलं नाही. आम्हीही विचारलं नाही.

ज्येष्ठात निरोप आला की तुझ्या अंगावरून पुन्हा जातंय आणि खोकलाही लागलाय. बोटी बंद व्हायला आठवडा होता. मी तुला मुंबईला न्यायला आलो. सासूबाई उंबऱ्यात उभ्या.

"वसंताचा पत्र येवंदे. त्येच्याबगर सुनेक कशी धाडू?"

"पत्र येईपर्यंत ती मरतली!"

"त्वांड सांभाळा दादा. तुमच्या भयणीच्या घरात उभे आसात."

मग मी काय करावं? जे लिलावात करतो ते केलं. उठलो आणि चालू लागलो. सौदा अडला की मी असाच उठतो, आणि दहा पावलं जाईपर्यंत मागून हाक येते. चपला घालताना मुद्दाम वेळ लावला. फाटकाशी थांबून विडी पेटवली. हाक आली नाही. मग मात्र खराच राग आला, आणि रस्त्यावरून ओरडून सांगितलं की ह्या घराची पायरी पुन्हा चढणार नाही. सव्वादोन महिने चढलो नाही. माझा शब्द म्हणजे शब्द, असं मी सगळीकडे मिरवत असतो.

त्या सव्वादोन महिन्यांत तू दवाखान्यात किती वेळा गेलीस ते मला नंतर कळलं. थुंकीत रक्त दिसल्यावर डॉक्टरने एका वाक्यात निकाल दिला: क्षय. तिथे छातीचा फोटो काढायचं यंत्र नाही, मान्य. पण तुझे कागद त्याच टेबलाच्या खणात होते. चैत्रात या बाईच्या पोटातून काय पडलं, हे आठवायला यंत्र लागत नाही. तुला क्षयाची इंजेक्शनं टोचत राहिले, तुझं वाटी-भांडं वेगळं झालं, आणि अंगावरून जाणारं रक्त तू सगळ्यांपासून लपवलंस. चतुर्थी जवळ आली होती. विटाळ धरला तर गणपतीच्या घरात कामाला हात कोण लावणार?

वसंतराव चतुर्थीला आले, त्यांनी तुला बघितलं, आणि गणपती बसायच्या आत ते माझ्या वखारीच्या दारात उभे. "दादानू, चला." एवढंच म्हणाले. पावसात, घाटातून, एसटीने तुला मुंबईला नेलं. वसंतराव पुढच्या बाकावर बसून सगळा वेळ मागे वळून बघत होते. मी त्यांना एकदाही बोललो नाही. तोंडात बरंच होतं.

मोठ्या इस्पितळातल्या डॉक्टरीणबाईंनी तुझ्या छातीचा फोटो उजेडासमोर धरला. लिंबांएवढ्या गोल सावल्या. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "शेवटचा गर्भ कधी पडला, आणि तो दिसायला कसा होता?" शालन, इतक्या महिन्यांत हा प्रश्न पहिल्यांदा कुणी विचारला. मी साबुदाणा म्हटलं, गाभोळी म्हटलं. त्यांनी पेन खाली ठेवलं.

त्यांनी समजावून सांगितलं ते मी तुला अर्धंच सांगितलं होतं. उरलेलं आज सांगतो. त्या बिघडलेल्या गर्भाच्या वारेचे कण पिशवीत राहतात, कधीकधी त्यांचा कर्करोग होतो, रक्तातून छातीत चढतो आणि क्षयाचं सोंग घेतो. सोंग ओळखायचं तर बाईची लघवी तपासायची. ती बेडकाला टोचतात आणि त्याचं बीज सुटतं का ते बघतात. गरोदर बाईच्या लघवीला तो जसा जाब देतो, तसाच या रोगाच्या बाईलाही देतो.

हे मात्र मी तुला पूर्ण सांगितलं होतं, आणि तू खोकत खोकत हसलीस.

"इतकी शिकलेली माणसां, आणि निकाल देतलो बेडूक?"

"नर बेडूक लागता म्हणे."

"म्हणजे थंयसुद्धा पुरुषाचाच चलता!"

शेजारच्या खाटेवरची बाईसुद्धा हसली. पाणी घालघालून पातळ केलेल्या लघवीलाही बेडकाने होकार दिला, म्हणजे साध्या गरोदरपणाची शंका उरली नाही. "तो तरी खोटा बोलणा नाय," तू म्हणालीस. 

औषध नवीन होतं, साऱ्या मुंबईत मोजक्या ठिकाणी मिळायचं. ते मी मिळवलं. कसं ते तुला माहीत आहे. त्या औषधभांडारावरच्या माणसाला अजून माझा आवाज स्वप्नात ऐकू येत असेल. पाच दिवस औषध, मग रक्त सावरेपर्यंत थांबायचं, मग पुन्हा पाच दिवस. तुझ्या तोंडात फोड आले, पेजसुद्धा झोंबायची. केस उशीवर राहू लागले. पण रक्त थांबलं. खोकला उतरला. दुसऱ्या खेपेनंतर पातळ केलेल्या लघवीला बेडूक नाही म्हणाला, आणि मी वॉर्डात पेढे वाटले. परिचारिका रागावली तर तिच्याशी भांडलो आणि तिलाही पेढा दिला.

तेव्हाच एका दुपारी मी तुला विचारलं, त्या दिवशी फाटकाशी थांबलो होतो, हाक का मारली नाहीस?

तू माझ्याकडे बघतच राहिलीस. "तू हाकेची वाट बघत होतंस? माका वाटला तू गेलंस."

"मी असोच उठतंय, तुका म्हायत नाय?"

"दलालांका म्हायत आसा. मी काय दलाल, दादा?"

त्याचं उत्तर उद्या देऊ म्हटलं. तू पुढे म्हणालीस, "आणि हाक मारलंय असती तर तू माघारी येवन सासूशी आणखी भांडलं असतंस. मग मी थंय कशी रवलंय असती?"  मला वाटलं होतं की सासूबाईंनी तुला दाबून ठेवलं. तू तर माझ्या रागाच्या भीतीने दाराआड उभी होतीस.

तिसरी खेप सुरू व्हायच्या आधी तुझं डोकं दुखायला लागलं. मग उजवा हात उचलेना, मग शब्द चुकायला लागले. रोग डोक्यात चढला होता. डॉक्टरीणबाईंशी मी घासाघीस केली, माझी सवय. औषध वाढवा, दुसरं आणा, कुठून आणायचं ते सांगा. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "तुम्ही आषाढात आला असतात तर मी तुमच्याशी भांडले असते. आता कशावर भांडू?" तू मार्गशीर्षात गेलीस.

तू गेल्यावर मी छातीचे फोटो घेऊन दवाखान्यात गेलो. कंपाउंडर दारातच म्हणाला, "दादानू, ह्यो दवाखानो आसा, बाजार नाय." मी आवाज चढवला नाही. तुझी शपथ, नाही चढवला. फोटो टेबलावर ठेवले. डॉक्टरने ते बघितले आणि त्याचा चेहरा उतरला. तो वाईट माणूस नाही. एकटा डॉक्टर, पन्नास गावं, पोस्टमार्टेमलाही तोच. म्हणाला, "विषाचा संशय असला की प्रेताचं पोट आम्ही मिठातच घालून पाठवतो. तेच तोंडात बसलं होतं."

मी विचारलं, "जिवंत बाईचं आणि मुडद्याचं तुमच्याकडे एकच का?"

 त्याच्या मागच्या कपाटात, काचेतून दिसेल अशी, फॉर्मॅलिनची बाटली होती. अर्धी भरलेली. मी बोट दाखवलं. म्हणाला, ती वर्षातून एकदा येते, जपून वापरावी लागते. मी म्हटलं, जे झालं ते दोन ओळींत लिहून द्या. म्हणाला, लेखी देता येणार नाही. जिल्ह्याला अर्ज केला. तू नव्हतीस, तेव्हा तो मीच धुतला, जमेल तसा. उत्तर नाही.

आणि आता खरी गोष्ट ऐक. गेल्या आठवड्यात तुझ्या सासूबाईंचा माणूस वखारीत आला. तुमच्या वरच्या वाडीतल्या एका सुनेचं तसंच पडलं. तसेच मणी, तसेच घोस. सुईण खड्डा खणायला निघाली तेव्हा सासूबाई तिच्या आडव्या उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "मालवणाक माणूस धाडा. शालनच्या दादाक बोलवा." त्यांनी मला हाक मारली, शालन. मी धावत गेलो. ती पायरी चढलो. आम्ही दोघांनी त्या पोरीला आणि झाकलेल्या वाडग्याला दवाखान्यात नेलं. डॉक्टरने पिशवी साफ केली, वाडगा आत नेला, आणि म्हणाला, घरी जा, कळवू. आठ दिवस झाले. कळवलेलं नाही. ती पोर एकोणीस वर्षांची आहे आणि आता कुठे उठून बसायला लागली आहे.

तू थोडी बाजूला हो. मला त्यांच्याशी बोलायचं आहे.

डॉक्टर, शालनचं तुम्ही आणि मी दोघांनी मिळून केलं, त्यातला माझा वाटा मी वर लिहिला आहे, काही लपवलेलं नाही. तुमचा वाटा तुम्ही लिहा. तो लिहायला वेळ लागत असेल तर घ्या. पण ह्या पोरीला वेळ नाही. तिचा नमुना कुठे पाठवलात? कशात घालून पाठवलात? तिची लघवी मुंबईला कोण नेणार? नेणारं कुणी नसेल तर मी नेतो, दर महिन्याला नेतो, बाटली तेवढी तुम्ही भरून द्या. तिला पुन्हा तपासायला कुठल्या तारखेला बोलावलंत? सोमवारी दवाखाना उघडेल तेव्हा मी आणि शालनच्या सासूबाई दारात असू. ती तारीख आम्हांला कागदावर हवी, खाली तुमच्या सहीसकट.